‘ॲप लावून द्या, मूल आपोआप शिकतं’: खरंच?

‘प्राण्यांच्या आवाजाचं ॲप रोज अर्धा तास लावून द्या. दीड वर्षाचं मूल आपोआप नावं शिकतं, लवकर बोलतं. शिवाय शैक्षणिक असल्यामुळे हा वेळ स्क्रीन टाइममध्ये धरायचा नाही.’ आईबाबांच्या ग्रुपवर असले मेसेज सतत फिरत असतात.

‘आपोआप शिकतं’ हे आधी घेऊ. २०१० साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १२ ते १८ महिन्यांच्या मुलांना शब्द शिकवणारी डीव्हीडी महिनाभर घरी दाखवली गेली. न पाहिलेल्या मुलांपेक्षा या मुलांना जास्त शब्द काही आले नाहीत. सर्वांत जास्त शब्द शिकली ती डीव्हीडीशिवाय, रोजच्या बोलण्यातून आईबाबांनी शिकवलेली मुलं. गंमत म्हणजे, ज्या पालकांना डीव्हीडी आवडली त्यांनाच आपलं मूल खूप शिकलं असं वाटत होतं.

यावर ठरलेलं उत्तर येतं: ‘ती डीव्हीडी होती. ॲप तर बोट लावलं की प्रतिसाद देतं.’ देतं ना. पण मुलाच्या बोटाकडे जरा नीट बघा. ‘गाय कुठे आहे?’ असं विचारलं की ते घोडा दाबतं, बदक दाबतं, मग गाय दाबतं, आणि टाळ्या वाजतात. चुकल्यावर येणारा ‘टुंग्’ आवाज जास्त मजेदार असेल, तर मुद्दाम बदकच दाबत बसतं. नाव पुरतं ऐकायच्या आत पुढचं चित्र. पडद्यावर हत्ती आणि उंदीर एकाच मापाचे, ते वेगळंच. कळतंय की नाही हे बघायचं तर दुसऱ्याच चित्रातली गाय दाखवून विचारा.

दोष नुसत्या पडद्याचाही नाही. २०१४च्या एका प्रयोगात दोन ते अडीच वर्षांची मुलं व्हिडिओ कॉलवरच्या माणसाकडून नवे शब्द शिकली, रेकॉर्ड केलेल्या व्हिडिओतून नाही. कॉलवरचं माणूस मुलाकडे बघून, थांबून, त्याला उत्तर देत होतं.

‘लवकर बोलतं’ यात थोडं तथ्य आहे. भूभू, म्याव हे बऱ्याच मुलांच्या अगदी पहिल्या शब्दांत असतात, कारण ते उच्चारायला सोपे. पण ॲपमधलं खऱ्या गाईचं हंबरणं मुलाला तोंडाने काढता येत नाही. तुमचं ‘हम्मा’ येतं, तेही तुमच्या ओठांकडे बघून.

आणि ‘शैक्षणिक’ ही सवलत दिली कोणी? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९च्या शिफारशीत एक वर्षाच्या मुलाला स्क्रीन नकोच म्हटलंय. दोन वर्षांच्याला फार तर एक तास, तोही कमी असेल तितका बरा. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ साली दीड ते दोन वर्षांच्या मुलांसाठी थोडी मोकळीक दिली, पण अट घातली: दर्जेदार काहीतरी निवडा, सोबत बसा, एकट्याच्या हाती देऊ नका. म्हणजे ‘लावून द्या’ तिथेही बसत नाही.

ॲप ठेवायचंच असेल तर मुलाला मांडीवर घ्या, फोनचा आवाज बंद करा आणि आवाज तुम्ही काढा. गाढव नीट जमलं नाही तरी चालतं; मुलं त्यालाच जास्त हसतात.