तासाभराच्या ट्रेनिंगला म्हणे एक दिवस पुरतो!

नाशिकच्या सातपूर-अंबड या कारखान्यांच्या वसाहतींतल्या एचआर मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज जोरात फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: तासाभराच्या ट्रेनिंगचं मटेरियल एका दिवसात होतं, जुनी पीपीटी असतेच, ती फक्त मराठीत करायची, उरलेलं एआय करतं, जास्त दिवस सांगणारा व्हेंडर लुटतोय.

एक दिवस? ट्रेनिंग क्षेत्रातले अभ्यासक ब्रायन चॅपमन यांच्या २०१० च्या पाहणीत वर्गात घ्यायच्या एका तासाच्या ट्रेनिंगमागे सरासरी ४३ तास काम निघालं होतं. पसारा २२ पासून ८२ पर्यंत. म्हणजे आठ तासांच्या पाळीने पाच दिवसांहून जास्त. साध्या ई-लर्निंगला ७९ तास. आकडे जुने आहेत, आणि ते रेटकार्ड म्हणून पुढे करणारेही मला पटत नाहीत. पण कुठल्याही टोकाने मोजा, एक दिवस त्यात बसत नाही.

पीपीटीचं म्हणाल तर खरी गोम तिथेच आहे. प्रेस शॉपच्या, म्हणजे पत्रा दाबून आकार देणाऱ्या मशिनच्या विभागाच्या, स्लाइडवर लिहिलेलं असतं, ‘दोन्ही बटणं एकाच वेळी दाबा’, म्हणजे दोन्ही हात बाहेर राहतात. लाइनवर जाऊन पाहा: एक बटण दाबलेलंच राहावं म्हणून त्यात लाकडाची खपली ठोकलेली, कारण जॉब (दाबायचा तुकडा) जागेवर बसवणारा लोकेटर झिजलाय आणि तो जॉब एका हाताने धरावा लागतो. हे स्लाइडवर कुठून येणार? ते ऑपरेटरशी बोलल्यावर कळतं, आणि ऑपरेटर मोकळा सापडतो तो पाळी बदलताना, दहा-पंधरा मिनिटं. मग लक्षात येतं की यातलं अर्धं काम ट्रेनिंगचं नाहीच, झिजलेला लोकेटर दुरुस्त करणाऱ्या टूलरूमचं आहे. हे शोधण्यातच दिवस जातात, टायपिंगमध्ये नाही. शिवाय निम्मी लाइन हिंदी बोलणारी असेल, तर ‘फक्त मराठी’ केलेली पीपीटी कोणासाठी?

एआय मसुदा झटपट देतं, मीही वापरते. पण तुमचा प्रेस की-क्लचचा आहे की हायड्रॉलिक, हे त्याला कोण सांगणार? की-क्लचचा प्रेस एकदा सुटला की फेरी पुरी केल्याशिवाय थांबत नाही. ‘धोका दिसताच बटण सोडा, प्रेस थांबेल’ हे गुळगुळीत वाक्य अशा मशिनवर बोटं घेऊन जाईल. म्हणून मेंटेनन्सच्या माणसाने ओळ न् ओळ तपासायला हवी, आणि तो ब्रेकडाउन सोडून तुमच्यासाठी बसणार नाही.

राहिला लुटीचा मुद्दा. फुगवून सांगणारे आहेत, नाही कशाला म्हणू? त्यांना एकगठ्ठा दिवस विचारू नका. माहिती गोळा करणं, मसुदा, तपासणी, एका बॅचवर चाचणी, असे तास वेगवेगळे मागा. कामाचे तास आणि वाट पाहण्याचे दिवसही वेगळे लिहून घ्या. कारण सेफ्टी, क्वालिटी आणि प्लांट हेड तिघांनी तीन वेळा फाइल परत पाठवली, तर तो उशीर व्हेंडरचा नव्हे. सही कोणाची आणि दुरुस्त्यांच्या फेऱ्या किती, हे पर्चेस ऑर्डरमध्येच ठरवून टाका.