गुडघेबदल आणि साखर : एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

गुडघेबदल शस्त्रक्रियेविषयी एक मजकूर सध्या घरोघरच्या व्हॉट्सॲप गटांतून फिरतो आहे. त्याचा आशय असा : सांधा बदलणे हे हाडांचे काम आहे, त्याचा मधुमेहाशी संबंध नाही, साखर शस्त्रक्रियेच्या सकाळी इन्सुलिनने उतरवता येते, म्हणून त्या कारणाने तारीख पुढे ढकलणारे डॉक्टर रुग्णाला विनाकारण ताटकळत ठेवतात, सडपातळ माणसाने तर ही काळजीच करू नये, आणि गुडघा बदलला की वजन व साखर आपोआप कमी होते.

काम केवळ हाडांचे नाही. कृत्रिम सांध्याच्या धातूला आणि प्लास्टिकला रक्तपुरवठा नसतो. त्यावर जंतू बसले की ते स्वतःभोवती चिकट थर तयार करतात आणि त्या थराखालच्या जंतूंपुढे प्रतिजैविके व पांढऱ्या पेशी दोन्हीही निष्प्रभ ठरतात. संसर्ग मुरला, तर पुष्कळदा बसवलेला सांधा काढून, प्रतिजैविक मिसळलेल्या सिमेंटचा ठोकळा काही आठवडे तिथे ठेवून, मग पुन्हा नवा सांधा बसवावा लागतो. असा संसर्ग शंभरात साधारण एका-दोघांना होतो. पण रक्तातील साखर चढी असेल, तर जंतूंपर्यंत पोहोचून त्यांना गिळण्याची पांढऱ्या पेशींची ताकद कमी होते आणि हा धोका वाढतो.

सकाळच्या साखरेचा मुद्दा मला सर्वांत घातक वाटतो. ग्लुकोमीटर त्या क्षणाची साखर दाखवतो, तर एचबीए१सी ही चाचणी मागील दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या, सांधेरोपण झालेल्या १,६४५ मधुमेही रुग्णांच्या पाहणीत, ज्यांचे एचबीए१सी ७.७ टक्क्यांच्या वर होते त्यांच्यात सांध्याच्या संसर्गाचे प्रमाण ५.४ टक्के, तर इतरांमध्ये ०.८ टक्के आढळले. ही पाहणी जुन्या नोंदींवरची आहे, त्यामुळे ७.७ ही काही लक्ष्मणरेषा नव्हे. तरीही एवढी तफावत एका सकाळच्या इन्सुलिनने भरून निघेल, असे मानायला काहीही आधार नाही. शिवाय शस्त्रक्रियेच्या ताणाने कॉर्टिसोल व ॲड्रेनलिन ही संप्रेरके वाढून पुढील काही दिवस साखर आणखी चढते.

मात्र ताटकळत ठेवल्याची तक्रार सर्वस्वी खोटी नाही. अमेरिकेतील संधिवाततज्ज्ञ आणि सांधेरोपण शल्यचिकित्सक यांच्या संघटनांनी २०२३ साली संयुक्त मार्गदर्शक सूचना दिल्या. केवळ बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, हे सांगणारा आकडा) ठरावीक मर्यादेखाली यावा म्हणून शस्त्रक्रिया लांबवू नये, असे त्यांत म्हटले आहे. वेदनेने जखडलेल्या माणसाला आधी वजन उतरवा आणि मग या, असे सांगणे अन्यायाचेच आहे. परंतु मधुमेह नियंत्रणात नसेल, तर तो आटोक्यात आणण्यासाठी आणि तंबाखू सोडण्यासाठी थांबावे, असेही त्याच सूचना सांगतात.

सडपातळपणाचा दिलासा भारतीयांनी तरी बाळगू नये. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचीच मापे मांडली : दोघांचाही बीएमआय २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. बीएमआय तोच आणि चरबी दुपटीहून अधिक असू शकते, आणि मधुमेहाचा धोका चरबीबरोबर वाढतो, म्हणून बारीक दिसणाऱ्या आजींचीही साखर तपासलीच पाहिजे.

वजन आपोआप उतरते, हेही खरे नाही. गुडघा बदलल्यानंतर बहुतेकांचे वजन जवळपास होते तेवढेच राहते.

राहता राहिल्या गोळ्या, ज्यांचा त्या संदेशात उल्लेखही नाही. डापाग्लिफ्लोझिन व एम्पाग्लिफ्लोझिन ही मधुमेहाची औषधे डॉक्टरांच्या सल्ल्याने शस्त्रक्रियेच्या किमान तीन दिवस आधी थांबवावी लागतात, कारण उपाशी अवस्थेत त्यांच्यामुळे रक्तात आम्ल साठू शकते आणि तेव्हाही ग्लुकोमीटरवरचा आकडा जवळपास सामान्यच दिसू शकतो. म्हणून भूलतज्ज्ञांच्या तपासणीला जाताना ‘साखरेची गोळी चालू आहे’ एवढेच न सांगता गोळ्यांची पाकिटे सोबत न्यावीत.