मूल स्वतः बघू लागलं तर

बडोद्यातल्या सुज्ञ पालकांसाठी ही सावधगिरीची सूचना. मूल चार-पाच वर्षांचं झालं की त्याला एक खोड लागते. ते बघायला लागतं. मांडवीकडे जाताना मधेच मुंग्यांच्या रांगेपाशी उकिडवं बसतं. शेवउसळीच्या गाडीवर रश्श्याचा तवंग न्याहाळत विचारतं, ‘तेल वरच का राहतं?’ तिथल्या तिथे बंदोबस्त केला नाही तर पुढे जड जातं. बघणारं मूल प्रश्न विचारतं, प्रश्न विचारणाऱ्या मुलामुळे पोर्शन मागे पडतो, आणि मग पालकसभेत मान खाली घालायची वेळ तुमच्यावर येते.

यावर शास्त्रशुद्ध उपाय आहे. रिचर्ड हेल्ड आणि अ‍ॅलन हाइन या दोन मानसशास्त्रज्ञांनी 1963 साली प्रसिद्ध केलेला मांजरीच्या पिल्लांवरचा प्रयोग प्रत्येक घरात फ्रिजवर लावून ठेवण्यासारखा आहे. अंधारात वाढवलेल्या पिल्लांची जोडी ते रोज तीन तास उजेडात, एका फिरत्या दांड्याला बांधत. एक पिल्लू स्वतःच्या पायांनी चाले. दुसरं दांड्याच्या दुसऱ्या टोकाला टांगलेल्या पाळण्यात बसून आयतं फिरे. दिसायचं दोघांनाही सारखंच. पण नंतर स्वतः चालणारं पिल्लू टेबलाची कड जवळ आली की पंजे पुढे करू लागलं, खोल जागा दिसली की बिचकू लागलं. पाळण्यातल्याला त्यातलं काही येईना. डोळे धडधाकट, तरी डोळ्यांना दिसतं त्याचं करायचं काय, हे त्याला कळलेलं नव्हतं.

तेव्हा मुलाला पाळण्यात ठेवा. दारातून व्हॅन, व्हॅनमधून वर्ग, वर्गातून ट्यूशन, ट्यूशनहून अ‍ॅक्टिव्हाच्या मागच्या सीटवर बसवून घरी. स्मार्ट बोर्डावर त्याला बी रुजताना दाखवा, ते बारा सेकंदांत रुजतं. कुंडीतल्या मेथीला काही दिवस लागतात आणि हात मळतात. एक धोका मात्र लक्षात असू द्या. त्याच प्रयोगात पाळण्यातल्या पिल्लांना नंतर दोन दिवस उजेडात मोकळं सोडलं, तर ती सगळं शिकली! म्हणूनच मे महिन्यात समर कॅम्पची फी वेळेवर भरावी.

या कामी आपली सर्वांत मोठी अडचण करून ठेवली आहे ती सयाजीराव महाराजांनी. प्राथमिक शिक्षण 1893 मध्ये अमरेली भागात सक्तीचं केलं, 1906 मध्ये राज्यभर, मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकांना दंड ठोठावला, इथवर ठीक. पण त्यांना तेवढ्याने समाधान नव्हतं. कमाटी बागेत संग्रहालय उभारून दिलं, का, तर लोकांनी यावं आणि बघावं. दोष त्यांच्या बालपणाचा असणार. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्यात शेताशिवारात वाढलेला हा मुलगा बाराव्या वर्षी दत्तक येऊन गादीवर बसला, तोवर अक्षरओळख जेमतेम. एवढी वर्षं नुसतं बघण्यात वाया घालवलेल्या माणसाकडून दुसरी अपेक्षा काय करणार?

तरीही शाळेची सहल तिथे जातेच, तेव्हा तयारी हवी. आत निळ्या देवमाशाचा सत्तर फुटांच्या वर लांब सांगाडा आहे. मूल त्याच्याखाली मान मागे टाकून उभं राहतं, हे फार वाईट लक्षण. ‘याला हातासारखी हाडं का आहेत?’ असं विचारेपर्यंत थांबू नका. देवमाशाच्या पुढच्या परात खरोखरच बोटांची हाडं असतात, आणि पाण्यातल्या प्राण्याला बोटं कशाला, इथून सुरू झालेलं मूल संध्याकाळपर्यंत आवरत नाही. खांद्याला धरून त्याला पाटीसमोर उभं करा, पाटी वहीत उतरवून घ्या, फोटो काढा, पुढच्या दालनात हलवा. ‘देवमासा हा सस्तन प्राणी आहे’ हे वाक्य दोन गुणांचं आहे. सांगाडा पोर्शनमध्ये नाही.

घरी आल्यावर मुलाच्या बोटांचे ठसे देऊन या. हल्ली हे फार सोयीचं झालंय: दहा बोटं यंत्रावर टेकवायची, चार-पाच हजार रुपये मोजायचे, आणि मूल ‘व्हिज्युअल लर्नर’ आहे की ‘ऑडिटरी’ ते रंगीत अहवालात मिळतं. बोटांवरच्या रेषा जन्माआधीच ठरून गेलेल्या असतात, म्हणजे पोराचा कल पोटातच पक्का झाला, आता वेगळं निरीक्षण करायला नको. मानसशास्त्रज्ञ हॅरोल्ड पॅशलर आणि सहकाऱ्यांनी 2008 साली पुरावे तपासले, तेव्हा मुलाची ‘शैली’ ओळखून तसं शिकवलं की जास्त येतं, याला पुरेसा आधार सापडला नव्हता. असेना. अहवाल स्पायरल बाइंडिंगमध्ये असतो, दिवाणखान्यात शोभतो.

मुलाने जगाकडे बघू नये, पण आपण मुलाकडे जरूर बघावं, आणि एकदाच बघून कायमचं ठरवून टाकावं. ‘आमचा ठोंब्या’ हे पाहुण्यांसमोर म्हणायला सुरुवात पहिलीपासूनच करा. रोझेन्थाल आणि जेकबसन या संशोधकांनी 1968 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात उलटं करून पाहिलं होतं. चिठ्ठ्या टाकल्यासारखी कुठलीही नावं निवडून शिक्षकांना सांगितलं, की ही मुलं यंदा चमकणार. लहान वर्गांतली ती मुलं खरंच पुढे सरकली. त्या आकड्यांवर नंतर पुष्कळ टीका झाली, परिणाम सांगितला तेवढा मोठा नसतो असंही दिसलं. पण उगाच जोखीम का घ्या?

मूल फळ्यावरचं चुकीचं उतरवतं, शेजारच्याच्या वहीत डोकावतं, डोळे बारीक करतं. नंबर असेल, असं कुणी सुचवेल. मनावर घेऊ नका. लक्ष नाही, दुसरं काय. चष्मा लागला की गणित यायला लागतं आणि इतकी वर्षं ओरडलो त्याचा हिशेब द्यावा लागतो. चीनमधल्या ग्वांगझूत पहिलीच्या मुलांना शाळेच्या दिवशी 40 मिनिटं जास्त उघड्यावर नेलं, तर तीन वर्षांत लांबचं अंधुक दिसू लागलेली मुलं निघाली 30 टक्के. तसं न करणाऱ्या शाळांत 40 टक्क्यांच्या आसपास. चाळीस मिनिटांत गणिताची एक आख्खी वर्कशीट होते, हे त्या लोकांना कुणी सांगितलेलं दिसत नाही.

खरी कसोटी उत्तरायणाला, म्हणजे पतंगांच्या संक्रांतीला लागते. त्या दिवशी बडोद्यात एकही मूल खाली नसतं. तर्जनीला चिकटपट्टी गुंडाळलेली, पट्टीवर दोऱ्याचे काप पडलेले. दोरा सैल पडला की वारा पडला, थरथरला की पतंग गोता खाणार, हे वर बघायच्या आधी बोटाला कळतं, आणि पोर त्याच क्षणी ढील देतं. गच्चीलगत लोळणारा पतंग टाक्यांच्या वर गेला की आपसूक सुटतो. म्हणजे वर वारा जास्त आहे, हे त्याला वर्कशीटशिवाय समजून जातं. फिरकी धरलेली धाकटी बहीणही फुकटात शिकते. एका दुपारीत इतकं नुकसान!

म्हणून 13 तारखेलाच गच्चीला कुलूप घाला. शेजारून ‘काप्यो छे’ ऐकू आलं की खिडक्या लावा. वासी उत्तरायणाचा, म्हणजे दुसरा दिवसही मोकळा सोडू नका. 16 ला ‘हवेचे गुणधर्म’ हा चार्ट द्यायचा आहे. पतंग आईने काढावा, कडा पट्टीने आखाव्यात, आणि मुलाला त्यावर नाव, इयत्ता, रोल नंबर घालू द्यावा.