केळीचे पान आणि मांडीची त्वचा

खानदेशात रावेर-यावलपासून शिरपूर-शहाद्यापर्यंतच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांमध्ये एक संदेश फिरतो आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: भाजलेल्या माणसाला ‘चामडी लावायला’ (म्हणजे त्वचारोपणाला, ज्यात मांडीसारख्या चांगल्या जागेची त्वचा काढून जखमेवर लावतात) नेऊ नये, केळीचे कोवळे पान बांधले की कसलीही भाजलेली जखम महिनाभरात आपोआप भरते, आणि हे मुंबईच्या डॉक्टरांनीच सिद्ध केले आहे, मांडीची चामडी काढली की एकाच्या दोन जखमा होतात, पुष्कळदा परक्याचीच चामडी लावतात, आणि एवढे करूनही ती गळून तरी पडते किंवा काळी पडून आखडते. यातला मुंबईचा दाखला अर्धा खरा आहे आणि संदेशाचा सारा जोर त्याच्यावर आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

मुंबईच्या सायन रुग्णालयातील डॉ. माधुरी गोरे यांनी केळीच्या पानाच्या पट्ट्यांचा अभ्यास केला आणि त्याचे निष्कर्ष 2003 मध्ये प्रसिद्ध झाले. पान मेणचट असल्यामुळे ओल्या जखमेला चिकटत नाही, पट्टी बदलताना रुग्णाचे हाल होत नाहीत, आणि खर्च नगण्य येतो. मात्र ते पान पट्टीच्या कापडावर चिकटवून निर्जंतुक केलेले होते, आणि ते वापरले गेले दोन ठिकाणी: त्वचेची पूर्ण जाडी जळालेली नाही अशा भाजलेल्या जागी, आणि त्वचारोपणासाठी जिथून त्वचा काढून घेतली त्या जागी. म्हणजे जो अभ्यास त्वचारोपणाविरुद्ध साक्षीला उभा केला आहे, त्याचा एक भाग त्वचारोपण झालेल्या रुग्णांवरचाच आहे! करपा या पानांच्या रोगासाठी औषधाची फवारणी झालेल्या बागेतून तोडून, फडक्याने पुसून बांधलेल्या पानाचा त्या अभ्यासाशी काही संबंध नाही. आपल्याकडे केळीला तोटा नाही, म्हणून हा गैरसमज आपल्याकडे अधिक घातक ठरतो.

‘कसलीही जखम आपोआप भरते’ हा दुसरा दावा. त्वचेचा वरचा थर पापुद्र्याइतका पातळ असतो. केसांची मुळे आणि घामाच्या ग्रंथी त्याखालच्या जाड थरात रुतलेल्या असतात. भाजणे फार खोल गेले नसेल, तर या मुळांच्या अस्तरातील पेशी वर येऊन पसरतात आणि साधारण तीन आठवड्यांच्या आत नवी त्वचा धरते. भरीत भाजताना हाताला झळ लागली, चहा सांडला, अशा बहुतेक जखमा या प्रकारच्या असतात, आणि घरोघरच्या औषधांना यश मिळते ते त्यांच्याच बळावर. परंतु पेटलेल्या कपड्यांनी किंवा शेतपंपाच्या विजेने त्वचेची पूर्ण जाडी जळाली असेल, तर त्या पेशीच उरत नाहीत. जखम फक्त कडांकडून भरते आणि भरता भरता आकसते, त्यामुळे मानेवरची जखम हनुवटी छातीकडे ओढते आणि कोपरावरची हात वाकलेलाच ठेवते. अशा जागी मज्जातंतूंची टोकेही जळालेली असल्याने दुखणे कमी असते, आणि घरचे लोक त्यालाच गुण आल्याचे समजतात. महिनाभर वाट पाहण्याची रीत वैद्यकात पूर्वी होतीच. स्लोव्हेनियाच्या शल्यविशारद झोरा यान्झेकोविच यांनी मृत त्वचा पहिल्या काही दिवसांतच थराथराने तासून लगेच त्वचा लावण्याचा आपला अनुभव 1970 मध्ये प्रसिद्ध केला, तेव्हापासून ती रीत मागे पडत गेली.

एकाच्या दोन जखमा होतात, हे मात्र खरे आहे, आणि ते रुग्णाला आधी सांगितलेच पाहिजे. त्वचा घेतलेली जागा पहिले काही दिवस लावलेल्या जागेपेक्षा जास्त दुखते. तरीही घेतलेला थर बहुधा 0.2 ते 0.4 मिलिमीटरचाच असतो. केसांची मुळे तिथे शिल्लक राहतात, म्हणून ती जागा साधारण दोन आठवड्यांत भरते, आणि मोठ्या भाजण्यात पुन्हा तिथूनच त्वचा घेता येते. घेतलेल्या तुकड्याला यंत्राने बारीक चिरा पाडून त्याची जाळी केली की तो मूळ आकाराच्या दीडपट ते तिप्पट जागा झाकतो.

परक्याच्या त्वचेविषयी गल्लत झाली आहे. कायमची टिकते ती स्वतःची त्वचा, फार तर एकसारख्या जुळ्या भावंडाची. शरीराचा मोठा भाग भाजला आणि स्वतःची त्वचा पुरेशी उरली नाही, तर मृत्यूनंतर दान केलेली त्वचा तात्पुरते आच्छादन म्हणून लावतात. शरीर ती काही आठवड्यांत नाकारते, पण तोवर पाणी आणि प्रथिने झिरपून जात नाहीत आणि जंतुसंसर्गाला आळा बसतो. त्यासाठी रक्तगट जुळावा लागत नाही. मृत्यूनंतर साधारण सहा तासांच्या आत पाय आणि पाठीवरून पातळ थर घेतला जातो, त्यामुळे देह विद्रूप होत नाही, आणि ग्लिसरॉल या घट्ट द्रवात ही त्वचा पाच वर्षांपर्यंत साठवता येते. सायनमध्ये अशी त्वचापेढी 2000 पासून आहे.

राहिला गळण्याचा आणि काळे पडण्याचा मुद्दा. लावलेली त्वचा पहिले दोन दिवस खालून झिरपणाऱ्या द्रवावर जगते, मग रक्तवाहिन्या जुळतात आणि पाचव्या-सातव्या दिवसापर्यंत ती धरते. या काळात खाली रक्त साचले, पू झाला किंवा ती सरकली तरच ती जाते. ‘पट्टी उघडून दाखवा’ असा आग्रह धरणाऱ्या नातेवाइकांना डॉक्टर नकार देतात तो याचसाठी. पातळ त्वचा आखडते हे मान्य, म्हणून कित्येक महिने आधारपट्टी, व्यायाम आणि घट्ट दाबाचे कपडे लागतात. तिच्यात तैलग्रंथी जवळजवळ नसतात, म्हणून रोज खोबरेल चोळावे लागते. आणि रंगाचे म्हणाल, तर तो पुष्कळदा उन्हाने गडद होतो आणि तसाच राहू शकतो, त्यामुळे एप्रिल-मेच्या खानदेशी उन्हात शेतात जाणाऱ्याने ती जागा निदान वर्षभर झाकलेलीच ठेवावी.