पाचर

लाज वाटते सांगायला, पण गेले तीन वीकेंड मी टेक्सासच्या उकाड्यात गॅरेजमधे बसून रायफल खुळखुळवतोय. मॅगझिन काढलेली, चेंबरमधे, म्हणजे गोळी बसते त्या जागेत, बोट घालून दोनदा बघितलेलं, आणि मग कानाशी धरून हलवायची... टक टक. परत हलवायची, परत टक टक.

रायफल एआर-१५. (एआर म्हणजे आर्मालाइट, ज्या कंपनीत यूजीन स्टोनरने १९५० च्या दशकात हे डिझाइन केलं ती. हे मी घरी आलेल्या प्रत्येकाला ऐकवतो, कोणी विचारलेलं नसतं.) तिचे दोन भाग, वरचा अपर आणि खालचा लोअर, आणि दोघांना धरून ठेवायला फक्त दोन पिना. मागची ढकलली की पुढच्या पिनेवर अख्खी रायफल अडकित्त्यासारखी उघडते. आता इथल्या कायद्याच्या लेखी बंदूक म्हणजे तो खालचा तुकडाच, सीरियल नंबर त्याच्यावर, त्यासाठी दुकानात जाऊन फॉर्म भरायचा. वरचा मात्र कुरियरवाला दारात ठेवून जातो. त्यामुळे मी लोअर दुकानातून घेतला आणि अपर एका सेलमधे, वेगळ्याच कंपनीचा, आणि ऐंशी डॉलर वाचवले म्हणून आठवडाभर खूश होतो. दोघंही आपापल्या मापात बरोबर आहेत हो, फक्त एकमेकांच्या मापात नाहीत.

पहिला उपाय फोमचा इअरप्लग. अर्धा कापला आणि लोअरमधे मागच्या बाजूला, जिथे अपरचा कान (पिनेसाठी भोक असलेला, खाली आलेला तुकडा) आत उतरतो त्याच्याखाली ठेवला. डगडग गायब! मी नाचायचाच बाकी होतो. रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या जागी, दोन मॅगझिन झाल्यावर उघडून बघितलं तर इअरप्लग तेल पिऊन चपटा, टक टक चालू.

मग हार्डवेअरच्या दुकानात नळाच्या सामानातून ओ-रिंग, म्हणजे रबराच्या बारीक गोल रिंगा, आणल्या. एक हवी होती, पाकिटात दहा. ती पुढच्या कानाभोवती चढवायची म्हणजे अपर मागे रेटला जातो आणि हलणं थांबतं. माझी रिंग जाड निघाली, त्याने अपर इतका रेटला की मागची भोकं समोरासमोर येईचनात. तासभर दाबतोय, घाम पुसतोय, पिन हूं का चूं करेना.

तेवढ्यात आईचा व्हिडिओ कॉल. काय करतोयस म्हणाली, मी म्हटलं एका वस्तूचे दोन भाग हलतायत, आत काहीतरी घालायचंय. कुठली वस्तू ते बोललोच नाही. "अरे मग कुकरच्या रिंगचा तुकडा घाल की, आपल्या कपाटाच्या दाराला तेच लावलंय मी."

विमानाला वापरतात ते ७०७५ ॲल्युमिनियम आणि त्यात मी कुकरची रिंग कोंबली. आणि काय सांगू, दगड! एका धातूत घडवल्यासारखी घट्ट, आवाज नाही की हालचाल नाही. फक्त उघडताना पिन निघेना. शेवटी प्लॅस्टिकचं पेन टेकवून त्यावर लाटण्याने ठोकली तेव्हा निघाली, काळ्या रंगावर एक ओरखडा काढून, आणि आतून बंदुकीच्या तेलाबरोबर तुरीच्या वरणाचा मंद वास आला.

नंतर कळलं की याच कामासाठी रबरासारखा एक लाल तुकडा तयारच मिळतो, किंमत किरकोळ. पाचर, दुसरं काय! गावाला कुऱ्हाडीचा दांडा हलायला लागला की आजोबा बांबूची पाचर ठोकायचे आणि रात्रभर कुऱ्हाड पाण्यात टाकायचे. दहा मिनिटांचं काम, तेही तंबाखू मळता मळता.

शेवटी शेजारच्या रिटायर्ड फौजी काकांना दाखवली. त्यांनी ती हलवूनसुद्धा बघितली नाही.
"बॅरल कुठे आहे?"
"वर."
"स्कोप?"
"वर."
"बोल्ट, गोळीमागचा तो अडसर, लॉक कुठे होतो?"
"बॅरलच्या मागे... वरच."
"मग खाली काय उरलं? ट्रिगर, मॅगझिन आणि तू. आमच्या सगळ्या खुळखुळायच्या."

मी तरी रेंजवर जाऊन नेमात फरक पडतो का याची खात्री केली. शंभर यार्डवर पाचर घालून पाच गोळ्या, पाचर काढून पाच. दोन्ही ग्रुप, म्हणजे भोकांचा पसारा, अडीच इंचाचे, म्हणजे हलत होतो तो मीच. तरी परत घातलीच पाचर. टक टक ऐकून झोप येत नाही त्याला काय करणार.

काल बायकोने डाळ लावली, अर्धा तास झाला तरी कुकर नुसता सगळ्या बाजूंनी फुसफुसतोय.
"ऐक ना, ड्रॉवरमधे दोन रिंगा होत्या, जुनी आणि नवी. तू कुठली कापलीस?"
मी ओ-रिंगचं पाकीट पुढे केलं. नऊ शिल्लक आहेत.