रान आमचं, वाट गावाची

आजोबांनी वाटण्या केल्या त्या अतिशय न्यायानं. प्रत्येक पोराला मळीतलं थोडं, माळावरचं थोडं आणि विहिरीजवळचं थोडं. या न्यायापायी आबांच्या, म्हणजे माझ्या वडलांच्या, वाट्याला आलेलं तीन एकर रान तीन ठिकाणी आहे आणि तिन्हींच्या मधे सरकार आहे. घरातनं मळीत जायचं तर ग्रामपंचायतीचा रस्ता, मळीतनं माळावर जायचं तर जिल्हा परिषदेचा, आणि विहिरीजवळच्या तुकड्यात जायचं तर राज्य महामार्ग आडवा कापावा लागतो. बैलं होती तोवर याचं कुणाला काही वाटलं नाही. बैलाला पासिंग नव्हतं.

मग ट्रॅक्टर आला. पहिल्या वर्षाचा विमा शोरूमवाल्यानंच उरकला होता. हार, नारळ, पेढे, बायकांची ओवाळणी, चाकाखाली लिंबू या गडबडीत विम्याचा कागद कोण वाचतो? आमचा भरवसा लिंबावर जास्त. वर्ष भरत आलं तसा बँकेचा मेसेज आला, मग फोन आला. आरसीवर बँकेचा बोजा असल्यामुळं आमच्या ट्रॅक्टरची काळजी आमच्यापेक्षा बँकेला. शेवटी माझ्या चुलतभावाच्या साडूला बोलावणं धाडलं. हा पाव्हणा माणसाचा, म्हशीचा, मोटारसायकलचा, कशाचाही विमा उतरवतो आणि लग्नात भेटला तर अक्षता पडायच्या आत एखादा हप्ता बांधून घेतो.

सोप्यात बसून चहा झाला. पाव्हण्यानं कागद काढले, कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला.

"ट्रॅक्टर रानात चालवणार का रस्त्यावर?"

"रानात," आबा म्हणाले.

"आन् रानात जाणार कसा?"

"रस्त्यानं."

पाव्हण्यानं पेन खाली ठेवलं. मी जरा शिकलेला असल्यामुळं मधे पडलो. म्हटलं, समजा ट्रॅक्टर रस्त्यावर आणलाच नाही, मळीतच शेड मारून ठेवला, तर विमा लागेल का? पाव्हणा खुलला. १९८८ चा मोटार वाहन कायदा, कलम १४६. सार्वजनिक ठिकाणी गाडी वापरायची तर निदान थर्ड पार्टी, म्हणजे आपल्या गाडीनं दुसऱ्याचं नुकसान केलं तर ते भरून देणारा, विमा पाहिजेच. नसला आणि सापडला तर पहिल्या वेळी दोन हजार दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. पुढच्या वेळी दंडाचे चार हजार.

"तीन महिनं कवा घालणार आत?" आबांनी विचारलं. "आडसाली उसाची लागण झाल्यावर असंल तर आमची ना न्हाई."

पण माझं लक्ष 'सार्वजनिक ठिकाणी' इथंच अडकलं होतं. रान तर आमचं. सातबाऱ्यावर आबांचं नाव, शेतसाऱ्याच्या पावतीवर आबांचं नाव, सोसायटीच्या थकबाकीतसुद्धा आबांचंच. हे ठिकाण सार्वजनिक कसं होईल? मी विजयी मुद्रेनं पाव्हण्याकडं पाहिलं. पाव्हण्यानं काही न बोलता सोप्यातनं समोर बोट केलं. रस्त्यापलीकडं आमची मळी. मळीतनं तिरकी पायवाट. त्या पायवाटेनं दोन कॅनवाला डेअरीकडं निघाला होता, त्याच्या मागं शाळेची पोरं, पोरांच्या मागं म्हसोबाला नारळ घेऊन चाललेली एक म्हातारी, कारण म्हसोबा आमच्या बांधावर आहे. समोरनं एस.टी. चुकलेला एकजण परत येत होता. त्यानं लांबनंच "आबा, राम राम" केला.

"हे समदे कुणाच्या परवानगीनं चाललेत?" पाव्हण्यानं विचारलं.

"परवानगी कसली? आज्ज्यापासनं वाट हाय."

मग पाव्हण्यानं जे सांगितलं ते ऐकून आबांनी तंबाखू मळायची थांबवली. ऐंशीच्या दशकातच मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठानं ठरवलंय, की जागा खाजगी मालकीची असली तरी लोकांना तिथं जायला-यायला मुभा असेल, मग ती मोकळी असो की परवानगीची, तर मोटार विम्यापुरती ती सार्वजनिक जागाच. शेतसारा आबांनी भरायचा, खत आबांनी टाकायचं, आणि ट्रॅक्टर चालू केला की तेवढ्या वेळापुरती ती जागा सगळ्या गावाची! आबा म्हणाले, वाट बंद करतो. म्हणाले नुसतं. वाट बंद करणारा माणूस आमच्या गावात सरपंचाला पडतो हे त्यांना ठाऊक आहे, आणि ते अजून आशेवर आहेत.

म्हणजे विमा अटळ. आता ट्रॅक्टर बसतो कुठल्या गटात? कार, दुचाकी, मालवाहू, प्रवासी असे सरळ वर्ग आहेत. ट्रॅक्टर यातल्या कशातच नाही. कायद्यानुसार ट्रॅक्टर म्हणजे स्वतःवर भार वाहण्यासाठी न बांधलेलं वाहन. हे वाचून मला पहिल्यांदा त्याच्याविषयी बंधुभाव वाटला. २००२ च्या मोटार टॅरिफमध्ये, म्हणजे विम्याच्या दरपत्रकात, त्याला 'किरकोळ व खास प्रकारची वाहनं' या वर्गात घातलाय. शेजारी कोण? रुग्णवाहिका, शववाहिका, क्रेन, रोडरोलर, फिरती दुकानं आणि सिनेमाच्या प्रसिद्धीच्या गाड्या. आबांनी यादी ऐकून घेतली. शववाहिकेवर थोडे थांबले. मग म्हणाले, "चांगली संगत हाय. शेतकऱ्याच्या वाटंवरच समदं लागतंय."

खरा पेच पडला तो मडगार्डचा. आमच्याकडं ट्रॅक्टरचं मडगार्ड ही मानाची जागा आहे. उजवं मडगार्ड घरातल्या वडीलधाऱ्यांचं, डावं पाव्हण्यारावळ्यांचं. जावई आला तर डावं मडगार्ड फडक्यानं पुसतात. आबा गेलं वर्षभर उजव्या मडगार्डवर बसून, एका हातानं दांडी धरून आणि दुसऱ्या हातानं दुसऱ्यांच्या पिकातली चूक दाखवत, रानात जातात. पाव्हणा म्हणाला, आरसीवर आसनक्षमता एक. मडगार्डवरचा माणूस विम्यात नाही.

"न्हाई म्हंजे?"

"म्हंजे कंपनीच्या हिशोबानं तुमी तिथं न्हवताच, आबा."

"मग मी कुठं हुतो?"

याला पाव्हण्याकडं उत्तर नव्हतं. विषय बदलायला त्यानं गोड बातमी दिली. मालक-चालकाला पंधरा लाखांचा अपघात विमा असतो. आतनं भांड्यांचा आवाज बंद झाला आणि आमची सौभाग्यवती दारात आली. "पंधरा? ट्रॅक्टर तर सातला घेतलाय." माझ्याकडं तिनं वरपासनं खालपर्यंत पाहिलं. मी थोडा ताठ बसलो. पाव्हण्यानं विचारलं, गाडी कुणाच्या नावावर? आबांच्या. लायसन कुणाकडं? माझ्याकडं. मग मिटलंच. हा विमा मालक स्वतः चालक असेल आणि त्याच्याकडं लायसन असेल तरच. आमच्या घरात मालक चालवत नाही आणि चालवणारा मालक नाही. मालक मडगार्डवर असतो, आणि मडगार्डवर कुणी नसतंच हे वर ठरलेलं आहे. भांडी पुन्हा वाजायला लागली, पहिल्यापेक्षा मोठ्यानं.

लायसनचं मात्र एका वाक्यात सुटलं. मोटारीचं लायसन ट्रॅक्टर-ट्रॉलीला चालतं का यावरनं वर्षानुवर्षं भांडणं झाली, सुप्रीम कोर्टानं २०१७ साली साडेसात हजार किलोपर्यंतच्या गाड्यांना ते चालतं म्हणून सांगितलं आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये घटनापीठानं त्यावर शिक्कामोर्तब केलं. एवढ्या मोठ्या न्यायमूर्तींनी माझ्या लायसनचा विचार केला याचं मला बरं वाटलं. घरात कुणाला वाटलं नाही.

ट्रॉलीचा विमा वेगळा. तिला इंजिन नाही, स्टेअरिंग नाही, स्वतःहून ती उतारावरसुद्धा जात नाही, तरी कायद्यानं ती स्वतंत्र वाहन. तिचा नंबर वेगळा, पासिंग वेगळं, हप्ता वेगळा. रोटर, नांगर, फण यांना मात्र कुणी विचारत नाही.

मग वापर. पॉलिसीवर लिहिलेलं असतं: शेतीच्या कामासाठी, भाडोत्री नव्हे. पाव्हण्यानं विचारलं, दुसऱ्याच्या रानात रोटर मारता का? मी म्हटलं, पैऱ्यानं. शेजारच्या अण्णांच्या रानात आपण रोटर मारायचा, त्यांची माणसं आपल्या भांगलणीला. पैशाचा व्यवहार नाही.

"डिझेल कुणाचं?"

"अण्णांचं. आणि वर एक कॅन आपल्याला."

"कॅन कशाबद्दल?"

"प्रेमाबद्दल."

पाव्हणा बराच वेळ पेन हलवत बसला. शेवटी 'शेती' लिहून मोकळा झाला. ऊस निघाला की हा गुंता आणखी वाढतो. स्वतःचा ऊस कारखान्याला नेला तर शेतीचं काम. दुसऱ्याचा ऊस वाहतुकीच्या बिलावर नेला तर भाडं. पण आमची भाऊकी अशी, की एका ट्रॉलीत तळाला आमच्या मोळ्या आणि वर चुलत्याच्या. नाक्यावर कुणी अडवलं तर ट्रॉलीचा तळ शेतीला आणि शेंडा धंद्याला, असं सांगायचं का? शिवाय गावाचा हक्क असतोच. गणपतीचं विसर्जन, वऱ्हाड, आषाढीला दिंडीमागं सामान. शाळेच्या स्नेहसंमेलनाला तर दोन ट्रॉल्या फाळका पाडून शेजारी-शेजारी लावल्या की स्टेज तयार. गेल्या संमेलनात आमच्या ट्रॉलीवर अफजलखान मेला. हे शेतीचं काम आहे का, असं मी विचारलं. पाव्हणा म्हणाला, माणसं ट्रॉलीत घालायचीच नाहीत, ती काय मेली काय अन् जिवंत काय. ट्रॉली मालासाठी, तोही शेतीच्या. वऱ्हाड नेताना उलटली तर कंपनी हात वर करणार, आणि जखमींची भरपाई आबांच्या सातबाऱ्यापर्यंत येणार. एवढं सांगताना मात्र तो हसत नव्हता. आबाही हसले नाहीत. त्या दिवसापासनं आमची ट्रॉली वऱ्हाडाला देणं बंद आहे, आणि दोन घरांचं आमच्याशी बोलणंही.

पैशाचं उरकायला वेळ लागला नाही. थर्ड पार्टीचा दर सरकारच ठरवतं, तिथं घासाघीस नाही. ट्रॅक्टरच्या नुकसानीचा भाग वेगळा, त्यात किंमत दरवर्षी उतरते: दुसऱ्या वर्षात वीस टक्के, तिसऱ्यात तीस. टायर, ट्यूब, बॅटरी यांच्या भरपाईत निम्मी कात्री. ट्रॅक्टरमधनं टायर काढला तर राहतं काय, असं आबांचं म्हणणं पडलं. बॉनेट, मडगार्ड, दिवे आणि रंग यांना वरचा हप्ता भरला तरच संरक्षण. आणि या सगळ्यावर अठरा टक्के जीएसटी. २०२५ च्या सप्टेंबरात ट्रॅक्टरवरचा जीएसटी बारावरनं पाचवर आणला, त्याच्या विम्यावरचा अठराच राहिला. म्हणजे ट्रॅक्टर घेणं सोपं केलं, बाळगणं नाही. पाव्हण्यानं हट्टानं बॉनेटचा वरचा हप्ताही भरायला लावला. आबांनी त्याबद्दल त्याला जेवायला थांबवलं नाही.

आणि वळवात चिंचेची फांदी नेमकी बॉनेटवर पडली. ट्रॅक्टर मळीत, म्हसोबापाशी उभा, चावी माझ्या खिशात. कंपनीचा सर्व्हेअर आला तो जिल्ह्याच्या गावातनं, पांढऱ्या बुटात. त्याच्या मोटारसायकलचा आवाज ऐकूनच पायवाटेवरची माणसं थांबली, त्यांना बघून डेअरीतली आली, आणि चेसीचा नंबर शोधायला तो वाकला तेव्हा त्याच्याबरोबर पंधरा-वीस माणसं वाकली. फांदी पडताना बघितलेले साक्षीदार इतके निघाले, की एवढे लोक त्या वादळात मळीत काय करत होते हा वेगळाच प्रश्न. एकजण उत्साहानं म्हणाला, "सायेब, मी तर मडगार्डवरच बसलो हुतो." पाव्हण्यानं त्याच्या पायावर पाय दिला. तो म्हणाला, "म्हंजे आदल्या दिवशी."

सर्व्हेअरनं फोटो काढले, फॉर्म काढला, घाम पुसला आणि भोवतालच्या गर्दीकडं संशयानं बघत आबांना विचारलं, "घटनेचं ठिकाण काय लिहू? खाजगी की सार्वजनिक?"

आबा माझ्याकडं बघायला लागले, मी पाव्हण्याकडं, पाव्हणा म्हसोबाकडं. तेवढ्यात नारळवाली म्हातारी पुढं झाली.

"खाजगीच लिव बाबा," ती म्हणाली. "आमी रोज हितनंच जातोय की. आमास्नी ठावं न्हाई व्हय?"