इथेही घडू शकतं

दर सप्टेंबरला, मुलं यायच्या आदल्या दिवशी, आमच्या शाळेत सगळ्यांना एका खोलीत बसवून एक सरकारी दस्तऐवज वाचायला लावतात. बर्मिंगहॅमच्या एका प्राथमिक शाळेत मी मदतनीस शिक्षिका आहे. मुख्याध्यापिकेपासून ते जेवणाच्या सुट्टीत मैदानावर उभ्या राहणाऱ्या बायकांपर्यंत कुणालाच सूट नसते. मुलांना सुरक्षित कसं ठेवायचं याबद्दलचा हा दस्तऐवज इंग्लंडभरच्या शाळांना लागू आहे. त्यातलं एक वाक्य मला पहिल्या वर्षी चांगलंच खटकलं होतं. प्रत्येकाने 'हे इथेही घडू शकतं' असं धरूनच काम करावं, असं त्यात म्हटलंय. मनात आलं, वर्षाच्या सुरुवातीलाच ही कसली अशुभ भाषा! आमच्या घरी असं काही तोंडातून निघालं असतं तर आईने 'शुभ बोल नाऱ्या' म्हणून गप्प केलं असतं.

२० ऑगस्ट २०२४ला बदलापूर स्टेशनात लोक रुळांवर उतरले आणि दिवसभर गाड्या अडल्या, तेव्हा हे वाक्य मला पुन्हा आठवलं. माझी धाकटी बहीण बदलापूरला राहते. शिशुवर्गातल्या दोन मुलींवर शाळेच्याच सफाई कामगाराने अत्याचार केल्याचा आरोप होता, शाळेने वेळेवर कळवलं नव्हतं, गुन्हा नोंदवून घ्यायला पोलिसांनी तासन् तास लावले होते. बहिणीची मुलगी त्याच वयाची. फोनवर ती रडत होती आणि मागे टीव्हीवर 'फाशी द्या' च्या घोषणा ऐकू येत होत्या. मलाही संताप आला होता. पण पुढच्या काही दिवसांत आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जी चर्चा रंगली, ती मला पटत नव्हती. फाशी की चकमक, कॅमेरे किती आणि कुठे, सफाईला पुरुष कशाला ठेवले, सगळं बोलून झालं. त्या शाळेची याआधी तपासणी कोणी केली होती का, केली असेल तर त्यात काय आढळलं आणि शाळेने त्यावर काय उत्तर दिलं, हे कोणीच विचारलं नाही. मी विचारलं, तर मामा म्हणाले, "तुला तिकडे बसून बोलायला काय जातंय."

मामांचं चुकलं नाही. मी तिकडेच बसलेली आहे. पण ज्या शहरात बसलेय, त्याची गोष्ट सांगते.

मे २००८ मध्ये बर्मिंगहॅमच्या हँड्सवर्थ भागात सात वर्षांची एक मुलगी उपासमारीने खंगून दगावली. घरात अन्न होतं, तिला दिलं जात नव्हतं. त्याआधीच्या डिसेंबरात तिला शाळेतून काढून घेतलं होतं. शाळेला शंका आली होती, शाळेने कळवलंही होतं. नंतर झालेल्या सविस्तर चौकशीचा निष्कर्ष असा होता की हा मृत्यू टाळता आला असता. इथे मुलांच्या संरक्षणाची जबाबदारी कायद्याने स्थानिक कौन्सिलची, म्हणजे आपल्या महापालिकेसारख्या संस्थेची असते आणि कौन्सिलच्या बालसेवा विभागाची तपासणी ऑफस्टेड ही सरकारी संस्था करते. तिच्या चार श्रेण्या आहेत: उत्कृष्ट, चांगलं, सुधारणेची गरज, आणि सगळ्यात खाली 'अपुरं'. बर्मिंगहॅमला वर्षानुवर्षं हाच शेवटचा शब्द मिळत राहिला. २०१३ मध्ये ऑफस्टेडच्या तेव्हाच्या प्रमुखांनी, सर मायकल विल्शॉ यांनी, या शहराची अवस्था म्हणजे देशाला लाज आणणारी गोष्ट आहे, असं जाहीरपणे सांगितलं. मी तेव्हा या शहरात नवीन होते. बसस्टॉपवर, दुकानाच्या रांगेत लोक त्याबद्दल बोलत होते. इथे आल्याचं वाईट वाटावं असं ते बोलणं होतं.

ही तपासणी म्हणजे साहेबांचा दौरा आणि चहा-बिस्किटं नसते. तपासनीस कार्यालयात ठिय्या देतात. सोशल वर्करच्या शेजारी बसून त्याच्याच संगणकावर एकेका मुलाची फाइल उघडतात: या मुलाकडे शेवटचं कधी गेलात, त्याच्याशी एकट्याने बोललात का, तो काय म्हणाला. कौन्सिलच्या देखरेखीखाली वाढणाऱ्या मुलांना भेटतात, तिथून बाहेर पडून एकटी राहायला लागलेल्या तरुणांनाही भेटतात. मग अहवाल येतो आणि तो थेट संकेतस्थळावर चढतो. मुलांची नावं त्यात नसतात, पण कौन्सिलचं नाव ठळक असतं. मी घरी बसून तो वाचू शकते, जिच्या मुलाबद्दल शंका घेतली गेली आहे ती आईही वाचू शकते.

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते यापुढचं. त्या अहवालावर काय करणार हे कौन्सिलला कामकाजाच्या ७० दिवसांत लिहून द्यावं लागतं, आणि तेही प्रसिद्ध करावं लागतं. श्रेणी 'अपुरं' असेल तर तपासनीस मधूनमधून पुन्हा येतात, आणि सरकार वर आयुक्त बसवू शकतं.

उत्तर देण्याची तऱ्हा मात्र प्रत्येकाची वेगळी. रॉदरहॅमचं उदाहरण इथे सगळ्यांना माहीत आहे. ऑगस्ट २०१४ मध्ये प्राध्यापक ॲलेक्सिस जे यांचा अहवाल आला. त्या एका गावात १९९७ ते २०१३ या काळात सुमारे १,४०० मुलांचं लैंगिक शोषण झालं, असा त्यांचा अंदाज होता, आणि तोही हात राखून केलेला. एवढं समोर आल्यावर तरी कौन्सिल हादरावी ना? त्यानंतरच्या सहा महिन्यांत सरकारने नेमलेल्या लुईस केसी यांनी त्याच कौन्सिलची तपासणी केली, तेव्हा त्यांना तिथे अजूनही नकारच दिसला. आकडे फुगवलेत, माध्यमांनी रान उठवलंय, असं बोलणारे लोक अजून खुर्च्यांवर होते. केसी यांचा अहवाल आला त्याच दिवशी कौन्सिलच्या मंत्रिमंडळाने राजीनामा जाहीर केला आणि कारभार सरकारी आयुक्तांकडे गेला. जानेवारी २०१८ मध्ये त्याच रॉदरहॅमच्या बालसेवांना 'चांगलं' ही श्रेणी मिळाली. मधल्या वर्षांत काय बदललं याची यादी मोठी आहे, पण माझ्या मते पहिलं पाऊल 'हो, हे आमच्याकडे घडलं' हे कागदावर लिहिण्याचंच होतं. ते वाक्य लिहिल्याशिवाय पुढचं काहीच लिहिता येत नाही.

बर्मिंगहॅमने २०१८ मध्ये हे काम कौन्सिलच्या रोजच्या कारभारातून काढून एका वेगळ्या ट्रस्टकडे सोपवलं. त्याच वर्षीच्या तपासणीत शहर पहिल्यांदा 'अपुरं' मधून वर आलं आणि २०२३ मध्ये 'चांगलं' पर्यंत पोहोचलं. ती बातमी आली तेव्हा आमच्या स्टाफरूममध्ये एका जुन्या शिक्षिकेचे डोळे भरून आले होते. हँड्सवर्थच्या त्या मुलीचं सगळं तिला आठवत होतं.

तिकडे सगळं छान आणि आपल्याकडे सगळं वाईट, असं मला सांगायचं नाही. तसं म्हणणं खोटं ठरेल. २००७ मध्ये लंडनच्या हॅरिंगे कौन्सिलच्या बालसेवांना याच ऑफस्टेडने 'चांगलं' म्हटलं होतं, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तिथे १७ महिन्यांचं एक बाळ, यंत्रणेच्या नजरेखाली असताना, मारहाणीने गेलं होतं. वर्षभराने प्रकरण उघड झालं तेव्हा सोशल वर्करना काढून टाका म्हणून दहा लाखांहून जास्त लोकांनी सह्या केल्या. विभागप्रमुख बाईंना मंत्र्यांनी हटवलं. तसं हटवणं बेकायदा होतं, असं पुढे २०११ मध्ये अपील न्यायालयाने ठरवलं. त्या संतापातून मुलं जास्त सुरक्षित झाली असं कोणी म्हणत नाही. झालं असं की लोक हे काम करायला धजेनात, आणि मुलांना ताब्यात घेण्यासाठीचे अर्ज कोर्टात झपाट्याने वाढले. 'फाशी द्या' ऐकताना मला त्या सह्या आठवल्या. आणि बर्मिंगहॅमचं म्हणाल, तर 'चांगलं' मिळाल्यावर काही महिन्यांतच कौन्सिलची तिजोरी आटली. सप्टेंबर २०२३ मध्ये दिवाळखोरीसारखी नोटीस निघाली, पुढच्या एप्रिलपासून घरपट्टी जवळपास दहा टक्क्यांनी वाढली, आणि तरी सेवा कापल्या गेल्या.

आपल्या लोकांची भीती तर वेगळीच. गणपतीच्या आरतीनंतर एका मैत्रिणीने मला बाजूला घेऊन हळूच सांगितलं होतं, "शाळेत मुलांना काही विचारू नका हं, सोशलवाले घरी येतात." नॉर्वेत, जर्मनीत ज्यांची मुलं सरकारने काढून घेतली त्या भारतीय कुटुंबांच्या बातम्या सगळ्यांनी वाचल्या आहेत. मी तिला जेवढं माहीत होतं तेवढं सांगितलं. पोलिसांना मुलाला फार तर ७२ तास ठेवता येतं. त्यापुढे कोर्टाचा हुकूम लागतो. मुलाच्या बाजूने बोलायला वेगळा वकील असतो. ती ऐकून घेत होती, पण तिचं समाधान झालं नाही. तिला दोष देता येत नाही. जी यंत्रणा मूल काढून नेऊ शकते, तिने आपल्या चुका सगळ्यांसमोर मांडल्याशिवाय कोणाचाही तिच्यावर विश्वास बसणार नाही.

आता आपलं घर. २०१५ च्या बाल न्याय कायद्याचं कलम ५४ मी बदलापूरनंतर पहिल्यांदा शांतपणे वाचलं आणि थक्क झाले. मुलं राहतात त्या प्रत्येक संस्थेला तपासणी समितीने दर तीन महिन्यांनी भेट द्यायची. किमान तिघे जण, त्यात एक स्त्री, एक वैद्यकीय अधिकारी. आठवड्यात अहवाल, महिन्यात कारवाई, मग पूर्ततेचा अहवाल. कौन्सिलकडे ऑफस्टेड काही वर्षांतून एकदा येतं, आपला कायदा वर्षातून चारदा जा म्हणतो! शाळांना हे कलम लागू नाही, पण बालगृहांना, निरीक्षणगृहांना आहे. म्हणजे ज्या मुलांचं घरचं माणूस बाहेर वाट बघत उभं नसतं, त्यांना.

आणि चांगली तपासणी काय करू शकते, हेही आपल्याच माणसांनी दाखवलंय. २०१८ मध्ये मुझफ्फरपूरच्या बालिकागृहातला अत्याचार उघड झाला, तो मुंबईच्या टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसच्या चमूने बिहारभरच्या संस्थांची पाहणी करताना मुलींशी बोलून लिहिलेल्या अहवालामुळे. २०२० मध्ये दिल्लीच्या कोर्टाने मुख्य आरोपीला मरेपर्यंत जन्मठेप दिली. त्याआधी त्या गृहात सरकारी माणूस कधी आलाच नसेल, असं कसं म्हणावं? येणाऱ्याने मुलींना विचारलं का, आणि काय लिहिलं, एवढाच प्रश्न आहे. ते लिहिलेलं लोकांना वाचता आलं असतं, तर लिहिणाऱ्याचा हातही वेगळा चालला असता, असं मला मनापासून वाटतं.

बहिणीला मी हे सगळं सांगितलं तेव्हा ती चिडली. "ताई, तुमच्याकडे पैसा आहे. इथे जिल्ह्याच्या बाल संरक्षण कक्षात माणसं किती, त्यातली कंत्राटी किती, ठाऊक आहे? त्यांना अजून कागद लिहायला लावणार तू?" तिचं म्हणणं खरं आहे. माणसं हवीत, कायम हवीत, पगार वेळेवर हवेत. पण अहवाल तर ते आजही लिहितात, कायदाच आहे तसा. मुलांची नावं, ओळख पटेल असा मजकूर काढून तो जिल्ह्याच्या संकेतस्थळावर टाकायला आणि त्याखाली संस्थेचं उत्तर जोडायला फार पैसा लागत नाही. मला एवढंच हवंय, आणि त्यासाठी मी मामांशी भांडायला तयार आहे.

गेल्या रविवारी आम्ही दोघींनी व्हिडिओ कॉलवर माहिती अधिकाराचा अर्ज लिहिला. एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत: गेल्या वर्षभरात ठाणे जिल्ह्यात कलम ५४ खाली किती भेटी झाल्या, कोणत्या तारखांना, आणि पूर्ततेच्या अहवालांच्या प्रती. शब्द मोजायला तिची मुलगी शेजारी बसली होती. अर्ज बहिणीच्या नावाने आहे. सोमवारी तिने त्यावर दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावलं आणि स्पीड पोस्टाने पाठवून पावतीचा फोटो मला टाकला. उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे.